पावडरच्या डब्यातले टोमॅटो

मावशीला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लोकांच्या घरी राहून आजाऱ्यांची सेवा करायची, हे तिचं काम. आजारी माणूस बरा झाला की तिची पिशवी हलायची, आणि गेला तरी हलायची. जाईल त्या घरी एक खोड मात्र सोबत असायची. रिकामा डबा दिसला की तिचे हात शिवशिवायचे.

आजोबांच्या घरीही तेच झालं. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू लुळी पडली होती आणि ताकदीच्या पावडरचे डबे भराभर संपत होते. मावशी ते केराच्या टोपलीतून उचलायची, खिळा तापवून बुडाला भोकं पाडायची, माती भरून टोमॅटोचं बी टाकायची. बी टाकलं की तिला चैन पडायचं नाही. आजोबांचे कपडे वाळत घालताघालता दहादा खिडकीशी जाऊन यायची.

"मावशी, कचऱ्यात टाकलेलं परत घरात आणता?" सूनबाई वैतागायची.

"अहो, धुऊन घेतलेत. तुमच्या कपबशांपेक्षा स्वच्छ आहेत!"

आजोबा पलंगावरून विचारायचे, "उगवलं का गं?"

"स्वतः येऊन बघा की. मी काय बातमीदार आहे?"

म्हातारा इरेला पेटला. वॉकर धरून, शिव्या पुटपुटत, एक दिवस खिडकीशी पोचलाच. मग रोज जाऊ लागला. रोपं वीतभर झाली तोवर त्याची चाल इतकी सुधारली की मुलानं मावशीला बाजूला बोलावलं. "बाबा आता आपलं आपण करतात. रविवारपासून तुम्ही मोकळ्या."

मावशीला आनंद झाला, पण नजर खिडकीतल्या डब्यांकडे गेली. दोन दिवसांत पुढचं घर ठरलं, पण त्या घरच्यांनी आधीच बजावलं, पसारा आणायचा नाही.

"डबे राहू दे इथेच," आजोबा म्हणाले.

"तुम्ही पाण्यात बुडवाल त्यांना."

"मग शिकव ना!"

नव्या घरी तिचं मन लागेना. चादर बदलतानाही डोळ्यांसमोर डबेच. सारखी फोन करायची. "आधी बोटानं माती चाचपा. ओली लागली तर पाणी घालू नका."

"कालच सांगितलंस!" आजोबा खेकसायचे.

सुट्टी मिळाली तशी ती थेट तिथेच गेली. काही रोपं पाण्यानं कुजली होती. उरलेली आजोबांनी आणि सूनबाईनं जुन्या बादल्यांत लावून, मोडक्या छत्रीच्या काड्यांना बांधली होती. एकावर टोमॅटो पिकला होता. मावशीनं आधी सासरा-सून दोघांना झापलं. आजोबांनी टोमॅटो तोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं आजवर किती घरी रोपं लावली होती, पण फळ धरेपर्यंत ती स्वतः कुठल्याच घरी राहिली नव्हती.

"बस की जरा."

"बसते हो," म्हणत तिनं तो उभ्याउभ्याच खाल्ला. डोळे भरून आले तशी तिनं पाठ फिरवली.

"आंबट आहे. ऊन कमी पडतंय इथे," ती म्हणाली, आणि बादल्या दुसऱ्या खिडकीकडे ओढू लागली.