व्हिसा न मिळालेल्या पोरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर — पण ते पुढे येईलच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोरासमोर बसलो असतो, तर माझी जीभ पुन्हा एकदा टाळूला चिकटली असती. तशी ती चिकटते. मला तिची सवय आहे.

मी दिघीला राहते. इथल्या हायस्कुलात गणित शिकवते. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा खोली शोधत रजियाआपाच्या दाराशी गेले, आणि तिनं वरची खोली दिली. नवरा जाऊन तिला तेव्हा चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी किल्ली घ्यायला खाली उतरले, तर ही बाई टीव्हीसमोर बसलेली. डोक्यावर ओढणी, हातात सुपारीचा अडकित्ता, आणि पडद्यावर पांढऱ्या झग्यातल्या वीस-पंचवीस मुली पायाच्या अंगठ्यांवर उभ्या. मला हसू फुटलं.

"हसू नको, टीचर," ती म्हणाली. "आधी अंगठ्यावर उभी राहून दाखव."

दाराची चौकट धरून मी उभी राहायला गेले आणि कोसळले. ती इतकी हसली, की अडकित्ता खाली पडला. आमची गट्टी जमली ती तिथून.

दिघीसारख्या गावात बॅले कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. आपाचा नवरा बोटीवर इंजिनिअर होता. लग्नानंतर एकदा कंपनीच्या परवानगीनं तो तिला सोबत घेऊन गेला होता. बोट काळ्या समुद्रावर ओदेसाच्या बंदरात दुरुस्तीला लागली, आणि एका दुपारी त्यानं तिला तिथल्या थिएटरात नेलं. तिसरी रांग. आपा तेव्हा पंचवीसची. गोष्ट कळली नाही, भाषा तर त्यात नसतेच; पण बाहेर आल्यावर ती बंदरापर्यंत एक शब्द बोलली नाही म्हणे. पुढे नवरा जिथे जाईल तिथून तिच्यासाठी नाचाच्या व्हिडिओ कॅसेटी आणायचा. मसाल्याच्या डब्यांच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या.

एका गोष्टीचं तिला कायम अप्रूप होतं. "कॅसेटीत पायांचा आवाज न्हाय येत," ती म्हणायची. "तिथे येत होता. बघायला परी, आणि पाय आपटले की आवाज सुताराचा. ठक, ठक. मला तेच आवडलं. एवढं नाजूक दिसायला किती ठोकाठोक लागते!"

पुढे कॅसेटींना बुरशी लागली आणि इंटरनेट आलं. मग आमचं वर्षाचं एक चक्रच ठरून गेलं. थंडी संपता संपता परदेशातल्या मोठ्या बॅले मंडळ्या आपापला पुढचा हंगाम जाहीर करतात — कोणतं जुनं पुन्हा करणार, कोणतं नवं बसवणार, कोण नाचणार. मी शाळेतून आले की आपा जिन्याखालून हाक मारायची, "आली का यादी?" यादी आली की आमचं भांडण. कुणी राजवाड्याच्या जागी रेल्वे स्टेशन मांडलं, की ती खवळायची. "राजाच्या पोरानं काय तिकिटाच्या रांगेत उभं ऱ्हायचं?" आणि तेच सगळ्यात आधी बघायचं असायचं. महिनोन्‌महिने आम्ही एखाद्या नव्या प्रयोगाची वाट बघायचो. तुम्ही कधी कशाची अशी वाट बघितली आहे का — ज्याचा आपल्या आयुष्याशी काडीचा संबंध नाही, आणि तरी त्याच्यामुळे साधा मंगळवारसुद्धा बरा जातो?

तिची सगळ्यात लाडकी होती ती फसवल्या गेलेल्या मुलीची गोष्ट. मुलगी दुःखानं मरते, रानात तिच्यासारख्याच मेलेल्या नवऱ्यामुलींच्या घोळक्यात जाते, आणि त्या घोळक्याच्या तावडीत तिचाच गुन्हेगार सापडतो. ती उजाडेपर्यंत नाचते आणि त्याला वाचवते. आपा दर वेळी रडायची आणि दर वेळी म्हणायची, "मी असते तर न्हाय वाचवला. बुडवला असता मेल्याला."

मग काचबिंदू आला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. बघता बघता पडद्यावरच्या मुली तिला नुसत्या पांढऱ्या धुरासारख्या दिसायला लागल्या, आणि मग धूरही गेला. तेव्हापासून मी सांगायला लागले. ती डोळे मिटून बसायची आणि मी बोलायची — आता उजवा पाय वर, कानापर्यंत. आता त्यानं तिला उचललं. आता ती मागे झुकली, केस जमिनीला टेकतायत. मी चुकले की तिला कळायचं. "घाई करतेस, टीचर. गाणं अजून खाली आलं न्हाय, ती कशी खाली येईल?"

पहिली दोन वर्षं मला ते आवडलं. खरंच आवडलं. मग हळूहळू — हे कसं सांगू? मला नाच दिसेनासाच झाला. मला नुसते शब्द दिसायला लागले. हात वर गेला, की तो कसा गेला हे बघायच्या आधी 'हात वर' हे तोंडातून बाहेर. बघणं संपलं, सांगणं उरलं. कधी कंटाळून मी मधलं गाळायची. कधी नव्हतंच ते घालायची. ती ऐकत बसायची, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखं. आणि मला तिचा राग यायचा. आंधळ्या म्हातारीचा राग. लिहिलं बाई एकदाचं.

अशात बातमी आली. परदेशातली एक मंडळी मुंबईला येणार, खऱ्या वाद्यवृंदासकट. आणि करणार तीच — रानातल्या मेलेल्या मुलींची गोष्ट. जानेवारीतला शनिवार, दुपारचा प्रयोग.

मी धावत खाली गेले. एका दमात सगळं सांगितलं. आपानं हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "मी येणार."

"आपा, तुम्हाला—"

"दिसत न्हाय, ठाऊक हाय. कान हायत ना? मला पाय ऐकायचेत. पन्नास वर्षं झाली."

मी दोन तिकिटं काढली. पुढची, पाय ऐकू येतील अशी. दोन महिने आपा त्या एका दिवसावर जगली. गुडघे दुखायचे म्हणून रोज ओट्याला धरून वीस वेळा उठायची-बसायची, जिने चढता यावेत म्हणून. मुंबईत तिची भाची होती, तिच्याकडे उतरायचं ठरलं. शेजारपाजारी सांगून झालं. मच्छीवालीलासुद्धा.

आणि मी? मी रोज थोडी थोडी मागे सरकत होते. खाडी ओलांडायची फेरीबोट, मग एसटी, मग टॅक्सी, तिला धरून चालायचं, तिला बाथरूमला न्यायचं — हे सगळं मी मनात पुनःपुन्हा मोजत होते. पण ती सबब आहे. खरं कारण ते नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: दिवे मंद होतात, पडदा वर जातो, आणि माझ्या दंडावर तिची बोटं. "सांग ना, टीचर. आता काय?" मला एकदा, आयुष्यात एकदाच, तोंड बंद ठेवून बघायचं होतं.

मी तिला तसं सांगू शकले असते का? हो. ती म्हणाली असती, बघ तू, मी नुसती ऐकते. मला आज पक्कं वाटतं, ती तसंच म्हणाली असती. मी विचारलंच नाही.

प्रयोगाच्या आठ दिवस आधी मी जिना उतरले आणि म्हणाले, "आपा, रद्द झालं. नाचणाऱ्या पोरींना व्हिसा मिळाला नाही."

इतकं सोपं असतं. एका वाक्याचं काम.

ती ओटा धरून उभी होती. हळूच खाली बसली. मग चाचपडत माझा हात शोधला तिनं. "तुझं तोंड उतरलं असेल," म्हणाली. "माझं काय, मी एकदा तरी पाहिलंय. तुझंच वाईट वाटतंय मला." आणि थोड्या वेळानं, "बिचाऱ्या पोरी. एवढी तयारी केली असेल."

शनिवार-रविवार अलिबागला प्रशिक्षण आहे, असं मी सांगून ठेवलं. तिला शंकाही आली नाही. उलट म्हणाली, बरंच झालं, त्या दिवशी घरात बसून तुला रडू आलं असतं. शनिवारी पहाटे तिनं मला वाटेत खायला गोड सांदणं वाफवून दिली. वाफेवर हात भाजून घेत, अंदाजानं. डबा माझ्या पिशवीत तिनंच ठेवला.

फेरीबोटीनं आगरदांडा, तिथून एसटी. चौलला माझ्या आईचं घर; गाडी तिथं थांबली तेव्हा मी खिडकीतून तोंड आत घेतलं, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. रेवसहून लाँच. भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. सुटल्यासारखं.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली. पडदा वर गेला. मी एक शब्द बोलले नाही. दोन तास. आणि तुम्ही म्हणाल, तुला ते गोड लागलं नसेल, सतत आपा आठवली असेल. नाही हो. मला अतोनात आनंद झाला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. मध्यंतरात बाहेर उभं राहून मी सांदणं खाल्ली, सगळी.

दुसऱ्या अंकात रानातल्या मुली आल्या. एका जागी वाद्यं अगदी बारीक होतात, जवळजवळ थांबतात, आणि त्या चोवीसजणी एका पायावर पुढे सरकतात. तेव्हा ते ऐकू आलं. ठक. ठक. ठक. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं. आपा म्हणायची अगदी तसंच. तेव्हा मात्र मी दोन्ही कानांवर हात ठेवले. का ठेवले ते मला ठाऊक नाही. त्यानं काय होणार होतं? शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, म्हणून काढले.

रविवारी संध्याकाळी घरी पोचले. "कसं झालं शिक्षण?" आपानं विचारलं. "कंटाळवाणं," मी म्हणाले. मग ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, की काल दुपारी नमाजानंतर तिनं दुवा मागितली — त्या पोरींना व्हिसा मिळू दे म्हणून. आणि ती एकदाच मागून थांबली नाही. त्यानंतर दर शुक्रवारी मागायची. मधूनच मला विचारायची, "मिळाला का गं त्यांना?" मी म्हणायची, "नाही अजून, आपा." किती वेळा म्हणाले असेन? तीन वर्षं झाली.

या तीन वर्षांत तिचे कानही गेले. उजवा पूर्ण, डावा थोडा उरलाय. यंत्र शिटी मारतं म्हणून ती ते घालत नाही. तिची पुतणी नसीम आता सोबत राहते. आपाशी बोलायचं तर डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, एकेक शब्द सुटा करून. हंगामाच्या याद्या येतात; मी त्या आता वाचून दाखवत नाही. वाद्यं तिला ऐकूच येत नाहीत, तर नाचणारी खाली आली की नाही हे तिला कसं कळणार?

गेल्या महिन्यात नसीम श्रीवर्धनला गेली होती. घरात आम्ही दोघीच. मी ठरवलं, आज सांगायचं. खिडक्या लावून घेतल्या — बघा, तेव्हाही मला शेजाऱ्यांचीच काळजी. तिच्या खाटेवर बसले, डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "आपा! त्या पोरी! आल्या होत्या! मुंबईला! आल्या होत्या!"

तिनं मान वळवली. "आल्या?"

"आल्या होत्या! मी गेले होते!"

"आल्या!" तिचा चेहरा — तो चेहरा मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि सांगणं हेच तर माझं काम होतं. "मिळाला व्हिसा! सांगत न्हवते मी तुला? कधी जायचं, टीचर?"

मी पुन्हा ओरडू शकले असते. घसा होता, दिवस होता, कुणी येणार नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि ती उत्तराची वाट बघत होती. मी तो हात दाबला. एकदा. हो म्हणून.

त्या दिवसापासून ती पुन्हा ओटा धरून उठते-बसते. वीस जमत नाहीत, पाच-सहा होतात. नसीमनं मला विचारलं, "टीचर, कुठे जायचंय म्हणते ही?" मी म्हटलं, "वय झालंय. काहीतरी बोलते." म्हणजे तेही केलं मी. तिला वेडी ठरवलं.

काल दुपारी आपानं मला हाक मारून खाली बोलावलं. मुंबईला जायचं तर डोकं असं पांढरंफटक नको म्हणाली, मेंदी लाव. नसीमनं मेंदी भिजवून ठेवली होती. मी आपाच्या मागे स्टुलावर बसले, भांग पाडले, आणि एकेक बट उचलून मेंदी लावली. ती मान खाली घालून, शहाण्या मुलीसारखी बसली होती. मध्येच म्हणाली, मागे राहू देऊ नको हां, लोक मागून बघतात.

मागेही लावली.

हात अजून लाल आहेत.