खंडेनवमीला काढलेलं चाक

ज्या सकाळी बायकोला मोटरसायकलवरून पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर लसीकरणाला जायचं होतं, त्याच सकाळी मी त्या मोटरसायकलचं मागचं चाक काढून ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. चाक पंक्चर नव्हतं, वाकडं नव्हतं, साधं कुरकुरतही नव्हतं. मळलेलं होतं, एवढंच.

मोटरसायकल तिची. ती आरोग्यसेविका, आणि तिचे पाडे असे की शेअर जीप फाट्यावर सोडते आणि पुढे चढण आपली आपण. मी एका पतसंस्थेत कारकून. शहर बसने जातो, शहर बसने येतो. मोटरसायकलशी माझा संबंध मागच्या सीटवर बसण्यापुरता. पण खंडेनवमी होती, मी रजा टाकली होती, आणि घरात हत्यारांची आणि गाडीची पूजा व्हायची होती. मडगार्डच्या आत डोंगरातला वाळलेला चिखल बसलाय आणि वर झेंडूचा हार, हे माझ्या मनाला पटेना. मोबाइलवर एक माणूस हसत हसत, बोलत बोलत चाक काढून दाखवत होता. मला वाटलं, याला जमतं तर आपल्याला का नाही? त्याला रोज जमतं, हे मी लक्षात घेतलं नाही.

काढायला मजा आली. ब्रेकची पट्टी सोडवली, मोठा नट सोडवला, एक्सल ओढला आणि चाक लोळत बाहेर आलं. ब्रेकच्या पट्टीच्या नटात एक बारीक पिन असते, ती हरवू नये म्हणून मी चहाच्या बशीत ठेवली. या हुशारीबद्दल स्वतःला शाबासकी दिली. बशी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. चाक धुतलं, रिम घासली, आणि तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"अरे, आंघोळ कर आधी. पारोशानं पूजा व्हायची नाही माझ्या घरात."

मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर अंगणात चाक होतं, डबल स्टँडवर बिनचाकाची मोटरसायकल होती, आणि माझे पाने नव्हते.

ते देवघरासमोर होते. पाटावर लाल कापड, त्यावर विळी, कात्री, खलबत्ता, आणि त्यांच्या रांगेत माझे पाने, पक्कड, हातोडी, सगळे धुतलेले, हळदकुंकू लावलेले, डोक्यावर झेंडू. पूजा उरकली होती.

"आई, मला पाने लागतील."

"उद्या. सोनं लुटून आलास की घे."

"आई, चाक खाली पडलंय."

"पडू दे. त्यालाही विश्रांती."

आमच्या घरात हा नियम मोडत नाही. पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. सुनेचा बाळांचं वजन करायचा काटा मात्र कुंकवाचं बोट लावून आईनं लगेच पिशवीत परत टाकला होता. "तिला काम आहे आज," म्हणाली. मला काम असू शकतं, ही कल्पना तिला कधी शिवलेली नाही.

बायको तयार होऊन, हेल्मेट हातात घेऊन बाहेर आली. तिनं आधी चाकाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अहो," ती म्हणाली, "मागच्या महिन्यात लसच आली नव्हती. त्या बायका लेकरं घेऊन बसल्या आणि परत गेल्या. आज मी शब्द दिलाय."

हे मला माहीत होतं. छाटणीचे दिवस होते. दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला न्यायला पाड्यावर पहाटे पिकअप येते. आज तिच्या शब्दावर बायकांनी ती सोडली होती. आज बायको पोचली नाही तर पुढच्या वेळी एकही बाई थांबणार नव्हती. लेकरं लसीवाचून राहणार होती, आणि तेही एक चाक चकचकीत दिसावं म्हणून.

तिचा फोन वाजला. पाड्यावरची आशाताई होती. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता. "ताई, कुठशीक आल्या? बाया लय येळच्या बसल्यात. येताय ना नक्की?"

"निघतेच," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी धावत कोपऱ्यावरच्या गॅरेजला गेलो. शटर अर्धं ओढलेलं, कॉम्प्रेसरला हार, मिस्त्री नव्या शर्टात पेढे वाटत होता. माझ्याही हातावर पेढा ठेवला. "आज हत्याराला हात नाही लावत साहेब. उद्या दुपारून या." शेजारचा पंक्चरवाला अजून आलेला नव्हता. मी पेढा मुठीत धरूनच परत धावलो.

मग शेजारचे काका आठवले. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र दिनासाठी घरातल्या सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत बसले होते.

"काका, पाने द्या. आमचे पूजेत बसलेत."

"आमचे बसत नाहीत, कामाला असतात," काका म्हणाले. पेटी काढून देताना हात जरा मागे घेतला. "पण तुमच्या हातात देऊ म्हणता?"

मी पेटी जवळजवळ हिसकावली.

काढलेलं चाक परत बसवणं म्हणजे काढणंच, फक्त उलट्या क्रमानं, असं मोबाइलवरच्या माणसाचं म्हणणं. ते खोटं आहे. काढताना चाक तुमच्या बाजूचं असतं. बसवताना ते फितूर होतं. मी पोटावर झोपलो, पायानं चाक उचललं, एका हातानं चेन धरली, दुसऱ्या हातानं एक्सल ढकलला. चेन निसटली. चेन धरली तर चाक कलंडलं. आंघोळ केलेला मी कोपरापर्यंत काळा झालो. शेवटी एक्सल आरपार गेला, तेव्हा मी ओरडलोच. नट जोर लावून आवळला आणि चाक फिरवलं.

फिरेना. जाम. नट ढिला केला तर चाक या बाजूचं त्या बाजूला डुगडुगायला लागलं.

काका कुंपणापलीकडून, हातात पांढरा सदरा घेऊन म्हणाले, "पूजेला उभी करायला हरकत नाही. चालवायची नसली तर."

मी व्हिडिओ परत लावला. त्या माणसाच्या हातात, चाकाच्या शेजारी बसवायला, अंगठ्याएवढी एक लोखंडी नळी होती. बुश म्हणतात तिला. माझ्याकडे ती नव्हती. सकाळी एक्सल ओढला तेव्हा काहीतरी टणकन पडल्याचं आता आठवलं.

मी तुळशीमागे शोधलं. कुंड्या हलवल्या. चाक धुतलेलं पाणी गेलं त्या मोरीत खांद्यापर्यंत हात घातला आणि केसांचा गुंता, बाटलीचं झाकण असं काय काय वर काढलं, बुश नाही. गुडघ्यावर रांगत फरशीन् फरशी चाचपली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला स्वच्छ असा एकही भाग अंगावर उरला नव्हता. बायको फोनवर जीपवाल्यांना विचारत होती. फाट्यापर्यंत एकजण तयार होता, पुढे लसीची पेटी आणि काटा घेऊन चढण पायी. ऊन वाढत होतं. पेटीतला बर्फ तिथवर टिकणार नव्हता. तरी तिनं पिशवी खांद्याला लावली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी जाते तशीच."

ते "राहू द्या" मला मोरीपेक्षा खोल गेलं.

निघण्यापूर्वी ती देवाला हात जोडायला आत गेली. आणि तिथूनच तिची हाक आली.

"आई, ही नळी कसली?"

पाटावर, पक्कड आणि खलबत्ता यांच्या मधोमध, बुश उभा होता. धुतलेला, कुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. माझ्या सगळ्या हत्यारांत तोच सर्वांत ऐटीत दिसत होता.

"पान्यांजवळ पडला होता," आई म्हणाली. "लोखंड होतं. तू हत्यार आहेस का, असं विचारत बसू का त्याला?"

"आई, तो दे!" मी हात पुढे केला.

"हात मागे. काळे हात घेऊन देवापुढे?"

बायको शांतपणे म्हणाली, "आई, पाड्यावर लेकरं थांबलीत."

आईनं एक क्षणही घेतला नाही. चार अक्षता बुशावर टाकल्या, तो जरासा हलवला, पुटपुटली, "तुझी पूजा झाली रे बाबा, तू नीघ," आणि सुनेच्या हातात दिला. माझ्या नाही.

बुश बसला, ब्रेकच्या पट्टीचा नट आवळला. चाक फिरलं. बायकोनं किक मारली आणि गेली. आरोग्य केंद्रातून लसीची पेटी उचलून पुढे डोंगर. मी अंगणात बसकण मारली. मुठीतला पेढा केव्हाच कुठेतरी पडला होता.

आईनं चहा आणला. कप हातात घेतला आणि बशीसाठी कठड्याकडे हात गेला.

बशीत पिन होती.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग संपर्क क्षेत्राबाहेर. मोबाइलवरचा माणूस त्या पिनेबद्दल काय म्हणतो ते बघायला गेलो. नट निघाला तर ब्रेकची पट्टी सुटते आणि उतारावर चाक जागीच अडकतं, एवढं ऐकून मी फोन उलटा ठेवला. पेठचा घाट माझ्या डोळ्यांसमोर एकसारखा उतरत होता. जेवलो नाही. दर गाडीच्या आवाजाला फाटकाशी जात होतो. दुपारभर पूजेसमोर बसून राहिलो आणि त्या पक्कड-हातोडीला हात जोडून सांगत होतो, एवढी वेळ सांभाळा, पुन्हा तुम्हाला शिवणार नाही. बाई धड परत आली पाहिजे, बाकी काही नको. आई जपमाळ घेऊन शेजारी बसली होती. मणी भराभर ओढत होती, म्हणजे तीही घाबरली होती.

दिवे लागायच्या वेळी मोटरसायकल फाटकात आली. आरशाला रानफुलांचा गजरा बांधलेला. सगळी लेकरं टोचून झाली होती, बायका थांबल्या होत्या.

मी पिन पुढे धरली.

"हां, ती," ती हेल्मेट काढत म्हणाली. "नवीन घातली. कोपऱ्यावर पंक्चरवाला आला होता, आधी त्याच्याकडेच थांबले. म्हणाला, 'भाभी, ये किसने फिट किया?' सगळं खोलून परत बसवलं त्यानं."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता?"

"कोपऱ्यापर्यंत होता ना."

मी आईकडे बघितलं, निदान ती तरी बाजू घेईल म्हणून. ती पाटावरचा झेंडू सारखा करत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी पाने राहू देत बाहेर. याचे हात ठेवते पूजेत."