मराठवाड्याचा समुद्र आणि आत्याचा माळ

धाराशिव जिल्ह्याला समुद्र आहे, ही बातमी सगळ्यात आधी मी दिली. त्याबद्दल मला अजून कुणी हार घातलेला नाही.

मी अणदूरच्या बाजूचा. एका दैनिकाचा बातमीदार म्हणून तालुक्यात मिरवतो, पण चूल पेटते ती जाहिरातींवर. पाडव्याला आमची पुरवणी निघते. पूर्वी तिच्यात सोनार, ट्रॅक्टरवाले आणि हात जोडलेले पुढारी असायचे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळच्या तलावाच्या काठी बाहेरच्या एका माणसानं प्लॉटिंग टाकलं आणि सगळी पुरवणी त्यानंच बळकावली. गावानं त्याचं नावही न विचारता त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली.

पुरवणीच्या आधी जाहिरातदाराची एक बातमी लावायची, ही आमच्या धंद्याची रीत. म्हणून साहेब मला जागा दाखवायला घेऊन गेले. फाल्गुन नुकताच लागला होता. पाणी आटून पार मध्यात गेलं होतं, कडेला भेगाळलेला गाळ आणि त्यात म्हशी. साहेबांनी ट्रॉलीतून आणून दोन उंच नारळ रोवले होते, त्यातला एक वाळून गेला होता. बदकाच्या आकाराची पायडलची बोट पाण्यापासून दीडशे पावलांवर कोरड्यात उभी होती आणि तिच्या सावलीला एक शेळी रवंथ करत बसली होती.

"व्हिजन बघा, व्हिजन," साहेब म्हणाले. मी म्हशींकडं पाठ करून व्हिजन बघितलं. घरी येऊन 'मराठवाड्यालाही आता समुद्रकिनारा' असा मथळा दिला आणि खाली निवांत झोपाळे, बोटी, सूर्यास्त असं काय काय लिहिलं. पुरवणीभर जाहिरात पक्की झाली.

बातमी आली आणि गाव बिघडलं. टपरीवर एकराची भाषा बंद झाली. आधी गुंठा आला, मग आठवडाभरात स्क्वेअर फूट. ज्यांना स्वतःच्या रानाचा बांध नीट दाखवता येत नव्हता, ते चहा फुंकत फुंकत पाण्यालगतच्या रांगेला 'फर्स्ट लाइन' आणि मागच्या रांगेला 'सेकंड लाइन' म्हणायला लागले. मी जिथं जाईन तिथं लोक मला चहा पाजायचे.

आमच्या घरातही पेपर येतो. चुलत्यांनी तो वाचून खाली ठेवला आणि वडिलांकडं बघितलं. वडिलांनी पत्र्याकडं बघितलं. साहेबांच्या फर्स्ट लाइनला लागून वरचा माळ आमच्या आजोबांचा होता, पण आमचा नव्हता. तो आत्याचा होता.

आत्या ही वडिलांची आणि चुलत्यांची थोरली बहीण, सास्तूरला दिलेली. लेकीच्या लग्नात चोळी-बांगडीसाठी म्हणून जमिनीचा तुकडा द्यायची आमच्याकडं रीत आहे. देणारा पुण्य पदरात पाडून घेतो आणि तुकडा मात्र बघून निवडतो. आजोबांनी काळं रान सगळं लेकांना ठेवलं आणि आत्याला तो माळ दिला, जिथं कुसळसुद्धा नाइलाजानं उगवायचं. त्या वेळी सिलिंगच्या कायद्यात जास्तीची जमीन सरकारजमा व्हायची भीती होती, म्हणून सातबाराही तिच्या एकटीच्या नावावर करून टाकला. आजोबा फार हुशार होते, त्यामुळं चूकही पक्की झाली. पुढं खाली तलाव झाला आणि पाणी माळाच्या पायथ्याला येऊन थांबलं. तरी इतकी वर्षं त्या माळावर आमचीच जनावरं चरत होती आणि आत्या कधी आलीच तर भाऊ तिची चेष्टा करायचे, "अक्का, औंदा दगडं लई जोमात आल्यात बगा."

ती येणंही कमीच झालं होतं. भाऊबीजेला साडीची पिशवी एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली की आमची भाऊबीज व्हायची. पाडव्याला तर तिला कुणी बोलावल्याचं मला आठवत नव्हतं.

चुलते तालुक्याला जाऊन कागद लिहिणाऱ्याला भेटून आले. तो म्हणाला, जमीन बहिणीच्या एकटीच्या नावावर आहे, तेव्हा हक्कसोड चालणार नाही, बक्षीसपत्र करा. म्हणजे बहिणीनं भावांना बक्षीस द्यायचं. कशाबद्दल, ते फोडून सांगावं लागत नाही, 'प्रेमापोटी' एवढा शब्द पुरतो. त्यानं तसा मसुदा करून दिला. आत्याला पाडव्याला बोलवायचं, कागद वाचून दाखवायचा, होकार घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन अंगठा द्यायला लावायचा, असं ठरलं. त्या आठवड्यात आत्याला तीन फोन गेले.

आणायला मी गेलो. भूकंपानंतर बांधून मिळालेल्या तिच्या घराच्या पायरीवर ती सकाळपासून पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत आमच्यासाठी कुरडया आणि शेंगाची चटणी. मोटारसायकल गावाबाहेर आली तशी मागून तिनं विचारलं, "कोन आजारी हाय का रं?"

"न्हाय, आत्या."

"मग कोन गेलं का?"

"कोनीच न्हाय गेलं. पाडवा हाय म्हनून बलवलंय."

माझ्या खांद्यावरचा हात तिनं घट्ट केला.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी करून सगळा गाव मारुतीच्या पारावर पंचांग ऐकायला जमला. पंचांग सांगणाऱ्या स्वामींनी नवीन वर्षाचा पाऊस वाचला. तो दरवर्षी सारखाच असतो, समुद्रावर भरपूर, डोंगरावर बेताचा आणि जमिनीवर उरलासुरला. एरवी इथं म्हातारे उसासे टाकतात. त्या दिवशी मागून कुणीतरी विचारलं, "सामी, औंदापासनं आपन कशात? समुद्रात का जमिनीत?" स्वामींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सातबारा आन, बगून सांगतो." लोक हसले आणि माझ्याकडं वळून वळून बघायला लागले.

दुपारी जेवणाला बसायच्या आधी चुलत्यांनी मला गोठ्यात बोलावलं. आत्याला वाचता येत नाही. "समदं वाचू नगंस," ते म्हणाले. "शेतकऱ्याच्या योजनेचा कागद हाय, अंगठा लागतुया, यवढं म्हन. तुला सवय हाय की."

शेवटचं वाक्य ते कौतुकानं म्हणाले होते, आणि ते खरंच होतं. मी मान हलवली.

मग पुरणपोळी झाली. दोन्ही भावांनी बहिणीला स्वतः तूप वाढलं. मी माझ्या वडिलांना तुपाचं भांडं हातात धरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आत्याला इरकल साडी नेसायला दिली, ती तिनं मांडीवर घेऊन काठावरून नुसता हात फिरवला. चुलत्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

"वाच," आत्या म्हणाली. "माजी नात मला तुजी बातमी रोज वाचून दावती. म्हनती, आज्जे, हे तुज्या भाच्यानं लिवलंय. मग म्या ऐकती. समुद्राचंबी ऐकलं. तू लिवलंय म्हंजी आसंल."

मला लाज वाटली. संपादकानं झापल्यावर वाटते तशी नाही, घाम फुटेल अशी. इतकी वर्षं मी जे काही छापलं होतं, ते या बाईनं खरं धरून ऐकलं होतं.

मी कागद वाचायला घेतला आणि सगळा वाचला. गट नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या, 'माझ्या राजीखुशीनं आणि प्रेमापोटी माझ्या भावांना कायमची बक्षीस देत आहे' हेही वाचलं. चुलते दोनदा खाकरले. मी थांबलो नाही. शूर म्हणून नव्हे, एकदा सुरू झाल्यावर कुठं थांबावं तेच कळेना.

"म्हंजी माळ तुमाला," आत्या म्हणाली.

"व्हय, अक्का," वडील म्हणाले. "पर तुमाला आमी काय कमी पडू देनार न्हाय."

"कमी कवा पडलं? यष्टीनं साडी यायचीच की." ती रागावलेली नव्हती. "एकच सांगा मला. म्या अंगठा दिला, तर फुडल्या पाडव्याला मला फोन कोन करनार?"

घरात दोन भाऊ होते, त्यांच्या बायका होत्या, आम्ही चार पोरं होतो आणि प्रत्येकाकडं फोन होता. कुणीही 'मी' म्हणालं असतं तर चाललं असतं. वडील तुपाच्या भांड्यात बघत बसले आणि मी कागदाची घडी घालत बसलो.

आत्यानं साडी पिशवीत ठेवली. "ऱ्हाऊ द्या तर औंदा. फुडल्या पाडव्याला बगू."

त्या पावसाळ्यात तलाव भरला आणि साहेबांच्या चुन्याच्या रेघांसकट सगळी फर्स्ट लाइन पाण्याखाली गेली, आत्याचा माळ तेवढा वर राहिला. साहेबांचा फोनही लागेनासा झाला. पण आमच्याकडं चैत्र आला की नवीन हूल उठते. एका वर्षी मोठा रस्ता येणार असतो, एका वर्षी कुणी हॉटेलवाला पाहणी करून गेलेला असतो. त्या बातम्याही बहुतेक मीच देतो. आणि दर पाडव्याला आत्याला फोन जातो, चुलते मसुदा नव्यानं लिहून आणतात, ती येते, पोटभर जेवते, नवी साडी घेते आणि पुढल्या पाडव्याला बघू म्हणते. आता ती चार दिवस राहते. माझ्या बायकोला कुरडया घालायला तिनंच शिकवलं.

मागच्या पाडव्यानंतर तिला सास्तूरला सोडायला निघालो होतो. न राहवून मी विचारलं, "आत्या, खरं सांगा, तुमी अंगठा कवा देनार?"

"मेल्यावर घ्या की लावून," ती मागून म्हणाली. "तवर बलवत जावा."