चौथ्या माइकचा घोळ

चहा घ्या आधी. आणि मी सांगताना माझ्या तोंडाकडं बघू नका, कपाकडं बघा.

मूर्खपणा कोणाच्या हातून होत नाही? पण आपल्या मूर्खपणाचा तक्ता आखून, तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून, खाली सही करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आज बघून घ्या. म्हणजे, कपाकडंच बघा.

वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, तेव्हा मी सोयगावहून आलो आणि एका कारखान्यात क्वालिटीत चिकटलो. पुढं पंचवीस वर्षं एकच काम. भाग उचलायचा, मापायचा, मापात बसला तर पास, नाही तर लाल डब्यात. ही खोड घरीही आली. पोळी जरा वाकडी दिसली की माझा चेहरा बदलायचा. कुसुम, माझी बायको, म्हणायची, "टाका लाल डब्यात. आणि भात खा."

कुसुम गाणारी होती. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघायचे त्या दिवसांत मोर्च्याबरोबर गात चालणारी एक पार्टी होती, तिच्यात ही. पिशोरकडची मुलगी, विशीचीही नव्हती. मी तिला पहिल्यांदा तिथंच पाहिलं. लाठीमार झाला की ही पार्टी गल्लीत शिरायची आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकानं गातच बाहेर पडायची. गावाकडं तेव्हा कोणाची घरं जळाली, कोण परत आलं नाही, हे कुसुमनं मला कधी बसून सांगितलं नाही. ते गाण्यांत होतं.

वर्षं गेली, नामांतर झालं, पार्टी म्हातारी झाली. गाणी मात्र कुठंच रेकॉर्ड केलेली नव्हती. मी म्हटलं, मी करतो! कॉम्प्युटरवर! प्रत्येकाला वेगळा माइक, प्रत्येक माइकचा पडद्यावर वेगळा पट्टा. नंतर हवा तो आवाज वाढवा, हवा तो कमी करा. मला कोणी सांगितलं होतं का हे करायला? कोणीही नाही.

एका रविवारी दुपारी समाजमंदिरात बैठक मांडली. मधोमध शाहीरमामा आणि त्यांची ढोलकी, बाजूला कोरसच्या बायका. माइक कॉम्प्युटरला जोडायचा जो डबा माझ्याकडं होता, त्याला तीनच माइक लागायचे. कुसुमचा आवाज बारीक, कोरसमध्ये बुडून जायचा. म्हणून तिच्यापुढं चौथा माइक ठेवला आणि त्याच्यासाठी एक दुसरा छोटा डबा आणला. पाच गाणी झाली, चहा झाला, परत चार गाणी झाली.

तीन महिन्यांनी कुसुम गेली.

पहिल्या स्मृतिदिनाला तिची गाणी तिच्याच आवाजात लावायची, एवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं. ते मला बिनचूक करायचं होतं. एरवी घरात बिनचूक करण्यासारखं दुसरं काही राहिलंही नव्हतं.

कॉम्प्युटर लावला. पहिलं गाणं ठीक. दुसऱ्यात काहीतरी खटकलं. तिसऱ्यात स्पष्ट दिसलं, कुसुमचा पट्टा मागं पडतोय! ढोलकीची थाप इथं, कोरस इथं, आणि कुसुम त्यांच्यानंतर. पाचव्या गाण्यापर्यंत ती जवळजवळ अर्धा सेकंद मागं.

मी माहिती काढली. निदान तयारच होतं. प्रत्येक डब्यात स्वतःचं एक घड्याळ असतं म्हणे. दोन डबे, दोन घड्याळं. एक किंचित हळू चाललं की त्याचा आवाज हळूहळू मागं सरकत जातो. म्हणजे दोषी कोण? छोटा डबा!

मी तक्ता केला. गाणं, कडवं, ओळ, विलंब. चहानंतरच्या पहिल्या गाण्यात विलंब शून्यावर आला होता आणि मग पुन्हा वाढत गेला होता. त्यापुढं मी शेरा लिहिला: 'यंत्र मधल्या वेळेत थंड झाले.' आणि सही केली.

नुसत्या शेऱ्यावर क्वालिटीचा माणूस थांबतो का? चाचणी घ्यायला हवी. दोन्ही डबे लावले, दोन माइक भिंतीशी उभे केले आणि दर पाच मिनिटांनी एक टाळी वाजवायला सुरुवात केली. दोन्ही पट्ट्यांवर टाळी एकाच जागी पडते का, ते बघायचं. असे दोन तास.

आता शेजारच्या साळवेवहिनींच्या बाजूनं बघा. बायको गेलेला माणूस. दार उघडं. भिंतीकडं तोंड. हातात घड्याळ. मधूनच एक टाळी.

"भावजी, जेवलात का?"

"शू! तीस सेकंद राहिलेत."

टाळी.

"भावजी, कोणाला बोलावू का?"

"कोणाला कशाला? मी एकटा वाजवू शकतो."

वहिनी पाठमोऱ्या न होता, तशाच मागं मागं गेल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या कॉलनीनं माझी विचारपूस केली. एक गृहस्थ तर दारातच मोठ्यांदा, सावकाश म्हणाले, "साहेब, मला ओळखलं का?"

आणि चाचणीचा निकाल? दोन तासांत दोन्ही डब्यांत दिसण्याइतकाही फरक नाही. डबे निर्दोष! मग मी काय केलं? मी लिहिलं: 'त्या दिवशी ऊन होते, आज ढगाळ आहे. चाचणी ग्राह्य नाही.'

हसा. मीही हसलो असतो.

मग दुरुस्तीला बसलो. कुसुमचा आवाज ओळीओळीनं कापला, एकेक ओळ उचलून ढोलकीच्या थापेवर बसवली. ओळींच्या मध्ये खरखर होती, ती पुसून टाकली. मधला चहा पहिल्याच दिवशी काढून बाजूला ठेवला होता. रेकॉर्डिंग बंद करायचं मी विसरलो होतो, त्यामुळं कपबश्यांचा खणखणाट आणि गप्पा नुसत्याच भरल्या होत्या. महिनाभरात एक गाणं तयार झालं. एकदम मापात!

टाळ्यांची बातमी तोवर कौसाक्कापर्यंत गेली होती. कौसाक्का म्हणजे कुसुमची चुलतबहीण, त्याच पार्टीतली, कोरसमध्ये कुसुमच्या मांडीला मांडी लावून बसणारी. ती तडक आली. मी तिला बसवलं आणि गाणं लावलं.

तिनं डोळे मिटले. पहिलं कडवं संपायच्या आत उघडले.

"दाजी, ही आमची कुसुम नाय."

"आवाज तिचाच आहे आक्का."

"आवाज तिचाच हाय, व्हय. पर ही बाई श्वास कुठं घेतीया? जित्तं माणूस असं गातं का?"

"मशीनचा दोष होता. तिचा आवाज मागं पडत होता. तो दोष मी काढला."

"मशीनचा?"

"हा बघा तक्ता."

आक्कानं तक्ता हातात घेतला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच खाली ठेवला. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ऱ्हाऊ द्या दाजी. व्हतं तसंच लावा. लई चांगलं व्हतं ते."

मला वाटलं, हिला तांत्रिक बाजू कळत नाही. आणि हे मी नुसतं मनात म्हणालो नाही, तोंडानं म्हणालो. आक्कानं चपला घातल्या आणि ती गेली.

आता मला जाणकाराचा शिक्का हवा होता. कॉम्प्युटर, दोन्ही डबे आणि तक्ता रिक्षात घालून औरंगपुऱ्यात रफीकभाईंकडं गेलो. रफीकभाईंचं आधी कॅसेटचं दुकान होतं, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पन्नाशी उलटलेला माणूस, कान मात्र सोनाराच्या काट्यासारखे.

त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. "साब, ये तुमीच बनाये?"

"हो."

"माशाल्ला. लई मेहनत." मग बोट चहाच्या शेऱ्यावर ठेवलं. "ये क्या है? मशीन लेट होती गई, होती गई, फिर चाय हुई, फिर मशीन टाइम पे आ गई. मशीन चाय पी क्या साब?"

"थंड झाली असेल."

"बंद किये थे?"

"नाही. चालूच राहिली होती."

"चालू मशीन थंडी कायकू होगी?" ते हसले. "ठैरो. ओरिजिनल रेकॉर्डिंग लगाओ, तुम काटे वो नक्को."

त्यांनी बाकीचे तिन्ही पट्टे बंद केले. फक्त कुसुमचा चौथा माइक ठेवला आणि आवाज पार वर नेला. तिच्या गाण्याच्या पाठीमागं, लांबून आल्यासारखी, मामांची ढोलकी ऐकू येत होती. साहजिकच आहे, एकाच खोलीत बसले होते सगळे.

"अब ये धीमी ढोलकी देखो, और ढोलकी के माइक की ढोलकी देखो."

दोन्ही थापा एकाच रेघेवर होत्या. पाचव्या गाण्यातही. शेवटच्या ओळीतही.

"डब्बा लेट रहता तो उसमें की ढोलकी भी लेट रहती ना? डब्बे बराबर हैं साब. बाजीच..." बाजी म्हणजे ताई, आमची कुसुम. एवढ्यात त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि थांबले. चष्मा काढला. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बाजी को साँस की तकलीफ थी क्या?"

हाच प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता. रेकॉर्डिंगनंतर दोन महिन्यांनी कुसुमला दवाखान्यात नेलं, तेव्हा. दम कधीपासून लागतोय? मी ठामपणे सांगितलं होतं, "परवापासून." डॉक्टर म्हणाले, इतकं बिघडलेलं हृदय परवाचं नसतं. मला तेव्हा डॉक्टरांचा राग आला होता.

रफीकभाई म्हणाले, "वो चाय का हिस्सा मिटाये क्या?"

"नाही. वेगळा ठेवलाय."

त्यांनी तो शोधला, हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसतानाही काउंटरवर काहीतरी आवरायला निघून गेले.

कपबश्या वाजल्या. कोणीतरी साखर मागितली. मग अगदी जवळून, माझ्या कानातच, श्वास. मी ज्याला खरखर म्हणून ओळीओळीतून पुसलं होतं, तोच.

"कुसुम, ओठ बघ तुजं, निळं पडल्यात. दाजीला सांगू का?" ही कौसाक्का.

"नको गं. मशीन बंद करतील ते. चारच राह्यलीत."

"मंग मेलीस तर?"

"गाऊन मरीन." दोघी हसल्या. हसतानाही कुसुमला दम लागला.

आणि मग लांबून एक उत्साही आवाज आला. माझा. "चला, चला! मगाशी कोणीतरी मागं पडत होतं हं! कोण ते?"

कुसुम माइकसमोरूनच म्हणाली, "मीच हो. दम पुरत नाही आता मला."

मी त्या वेळी मान वर केली नव्हती, हे मला पक्कं आठवतं. पडद्याकडं बघतच उत्तर दिलं होतं. तेही साफ उमटलंय:

"छे! तू कशी मागं पडशील? मशीनचा घोळ असणार. बघतो मी."

स्मृतिदिनाला गाणी होती तशीच लावली. श्वासांसकट. कौसाक्का पुढंच बसली होती. शेवटच्या गाण्यात तिनं तोंड उघडलं आणि कुसुम जिथं मागं पडली तिथं तीही मुद्दाम मागं पडली.

कार्यक्रम संपल्यावर एक ओळखीचे गृहस्थ जवळ आले. "गाणी छान हो. पण वहिनींचा आवाज जरा मागून येत होता. मशीनला काही झालं होतं का?"

म्हटलं, "नाही. मशीनला काहीच झालं नव्हतं. मी नीट बघत होतो मशीनकडं."