यंत्राच्या गळ्यातला हार

आमच्या शाळेत बाईंच्या मॅडम झाल्या तेव्हा मी एकट्याने नाराजी व्यक्त केली होती. कोणी दाद दिली नाही. त्यामुळे विज्ञान शिकवणाऱ्या भाग्यश्री कड सगळ्यांच्या कड मॅडम आणि माझ्या एकट्याच्या भाग्यश्रीबाई आहेत. मी मराठी शिकवतो, खडू-फळ्यावर माझं भागतं, आणि वर्गात पडदा लावून चित्रं दाखवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. भाग्यश्रीबाईंबद्दल मात्र बरं आहे. ते कसं झालं ते सांगतो.

शाळा दिंडोरीच्या पुढे आहे, चहूबाजूंनी द्राक्षबागा. मागच्या भिंतीपलीकडची बाग धोंडीराम कड यांची, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांची. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. बाईंचं माहेर सायखेड्याचं, नवरा हर्षल अंबडला कारखान्यात. बाई अंगाने किरकोळ, चालायला झपझप, आणि वाद म्हणून कोणाशी घालत नाहीत. समोरचा काय सांगेल त्याला ‘हो’ म्हणतात आणि मग स्वतःला पटेल तेच करतात. मुख्याध्यापकांना हे कळायला बरीच वर्षं लागली, मला त्याहून जास्त.

नाशिकच्या एका कृषी महाविद्यालयातले अमोल नावाचे संशोधक हवामानाचं यंत्र बसवायला जागा शोधत होते. बाईंनी सासऱ्यांच्या बागेचा शाळेला लागून असलेला कोपरा सुचवला आणि अट घातली, की यंत्र जी माहिती पाठवेल ती शाळेच्या मुलांनाही दिसली पाहिजे. लोखंडी खांब उभा राहिला. त्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या, खाली वेलीच्या उंचीवर एक पांढरी पट्टी. ही पट्टी म्हणजे खोटं पान. खरं पान किती वेळ ओलं राहतं ते या पट्टीवरून कळतं. पान फार वेळ ओलं राहिलं आणि हवाही तशी असली, की द्राक्षावर डावणी येते. डावणी म्हणजे बुरशी. पानाखाली पांढरी पडते, घडावर गेली की वर्षाची मेहनत मातीत. पट्टीवरून महाविद्यालयातला संगणक धोका ओळखतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: फवारणी करा, किंवा गरज नाही.

बाईंनी त्याचा धडाच करून टाकला. प्रार्थनेआधी मुलं भिंतीपलीकडे जाऊन वेलीच्या पानावर बोट फिरवायची आणि ओलं की कोरडं ते ठरवायची. मग वर्गात पडद्यावर यंत्राचा आकडा बघायचा. दोन्ही जुळलं नाही की भांडण. दव कधी सुकलं, ऊन आधी कुठल्या ओळीवर पडतं, तुझंच बोट ओलं होतं. मी व्हरांड्यातून जाताना ऐकायचो. माझ्या तासाला मुलं इतक्या जीव तोडून कधी भांडली नाहीत, याचा मला चांगलाच राग आला होता.

नानांनी यंत्राला जागा दिली होती, भरवसा दिला नव्हता. त्यांचा हिशोब सोपा होता. ढग दिसला की फवारणी. शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर वाजला की आपलाही ट्रॅक्टर बाहेर. फवारणीच्या दिवसांत नानांचे डोळे लालभडक असायचे आणि ते रात्रभर खोकायचे. “अर्ध्या फवारण्या नुसत्या भीतीच्या असतात, सर,” बाई एकदा म्हणाल्या. त्यांना बाकी काही नको होतं. एका हंगामात तरी नानांनी यंत्राचं ऐकून फवारणी टाळावी, एवढंच. ते नानांजवळ बोलून झालं होतं, हर्षलकडून सांगून झालं होतं. नाना म्हणायचे, “तुझं यंत्र पोरांना शिकवायला चांगलं हाय.”

यंदा फळछाटणी झाल्यावर जेवता जेवता नाना म्हणाले, “औंदा तुझं यंत्र सांगंल तसं करू.” बाईंनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हे मला सांगितलं आणि साखर विरघळून गेली तरी चहा ढवळत बसल्या. मी म्हटलं, “अभिनंदन, सासरा पास झाला.” त्या हसल्या नाहीत. इतकं मनासारखं झालं की माणूस घाबरतो, तशा दिसत होत्या.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी राबणाऱ्या सगळ्या अवजारांना विश्रांती. ट्रॅक्टर धुवायचा, ब्लोअर धुवायचा, छाटणीच्या कात्र्या पाटावर मांडायच्या, हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडूचा हार. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. बाई सकाळपासून हार ओवत होत्या. नाना म्हणाले, “एक जास्तीचा ओव.” सणाच्या गडबडीत कशाला ते कोण विचारतं?

दसऱ्याला सकाळीच ग्रुपवर निरोप आला: पानं फार वेळ ओली आहेत, डावणीचा धोका, फवारणी करावी. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. हर्षल म्हणाला, “नाना, ऊन पडलंय कडक.” नाना म्हणाले, “यंत्र म्हणतंय ना.” पूजा केलेल्या ब्लोअरचा हार काढून त्यांनी फवारणी सुरू केली. ज्या माणसाने आयुष्यात दसऱ्याला ट्रॅक्टर हलवला नाही तो हलवतोय म्हटल्यावर गाव काय मागे राहतंय! संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला मी बाहेर पडलो तर सोन्यापेक्षा औषधाचा वास जास्त. पुढचे दोन दिवस निरोप तोच, आणि गाव फवारतंय.

सुट्टी संपायच्या आत अमोल यांचा बाईंना फोन आला.

“मॅडम, तुमच्याकडे पाऊस झाला का?”

“थेंब नाही.”

“मग आजूबाजूच्या सगळ्या यंत्रांचं पान कोरडं आणि तुमचंच रात्रंदिवस ओलं, असं कसं? नक्की कारण कळलं तर एवढे दिवस गाळता येतील. नाही कळलं तर मला तिथली सगळीच माहिती बाजूला ठेवावी लागेल. यंत्रही हलवावं लागेल.”

शाळा उघडली त्या सकाळी बाई वर्ग घेऊन भिंतीपलीकडे गेल्या. मी उगाच मागे गेलो. पोरं आधी पोचली आणि खिदळायला लागली. खांबाला हळद-कुंकवाची बोटं, आणि त्या पांढऱ्या पट्टीला झेंडूचा जाडजूड हार, पार गुंडाळून. फुलं ताजी राहावीत म्हणून हार भिजवून घातलेला, त्यावर रोजचं दव. आत बोट घातलं तर अजून ओलसर. यंत्राने बिचाऱ्याने काय करावं? ओलं होतं, ओलं सांगितलं.

बाईंनी हाराची सुतळी चिमटीत धरली. बागेत काड्या बांधायची सुतळी होती. “सर, हा मीच ओवलाय,” त्या हळूच म्हणाल्या. मग मलाही उलगडलं. ज्या नानांनी इतकी वर्षं त्या खांबाकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांनी यंदा भरवसा ठेवला होता. आणि भरवसा ठेवला म्हणून ट्रॅक्टरच्या पंगतीला बसवून त्याची पूजा केली होती.

अमोल यांना बाईंनी तिथूनच फोन लावून सगळं सांगितलं. प्रश्न गावाचा होता. आजूबाजूच्या गावांना ‘गरज नाही’ असा निरोप होता हे कळून ग्रुपवर एव्हाना आग लागली होती. औषध वाया, डिझेल वाया, सण वाया. एकाने लिहिलं, शाळेच्या खेळण्यावर बाग सोडली की असंच होणार. खरं सांगावं तर सासऱ्याचं चारचौघांत हसं होतं, आणि लपवावं तर यंत्र खोटं ठरतं. दोन्हीकडून नाना पुन्हा ढग बघूनच फवारायला लागणार.

स्टाफरूममध्ये परतल्यावर मी वडीलकीने सल्ला दिला, “यंत्र बिघडलं होतं म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

“हो, सर,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं: “यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्या पट्टीवर ओला हार राहिला होता, म्हणून त्याने ओलं सांगितलं. सुट्टीत मी पाहायला गेले नाही. चूक माझी.”

लगेच कोणीतरी विचारलं, हार कोणी घातला? शाळेच्या पोरांनी का? बाई फोन हातात धरून बसल्या. तेवढ्यात नानांचा आवाज आला. त्यांना लिहिणं जमत नाही, ते बोलून पाठवतात. बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि अख्ख्या स्टाफरूमने ऐकलं.

“धोंडीराम बोलतोय. हार म्या घातला. ट्रॅक्टरला घातला, ब्लोअरला घातला, म्हनलं हे बी आपल्यासाठीच राबतंय, ह्याला कशाला उघडं ठेवायचं? पोरांची चूक नाय, सुनंची नाय. यंत्राची बी नाय. त्याच्या अंगावर ओलं टाकलं, त्यानं ओलं सांगितलं. खोटं तर नाय ना बोललं?”

मला गहिवरून आलं, आणि बाईंनी पदराने डोळे टिपले. शिपाई तेवढा हसत होता, त्याला मी बाहेर पाठवला.

हार काढला, पट्टी पुसली, अमोल यांनी ते दिवस गाळून बाकीची माहिती ठेवली आणि यंत्र जागेवर राहिलं. खरी परीक्षा पुढे होती. बागेत नुकते घड दिसायला लागले होते आणि एके दुपारी आभाळ गच्च भरून आलं. गावात एकामागून एक ब्लोअर सुरू झाले. यंत्राचा निरोप होता: हवा कोरडी आहे, गरज नाही.

माझा सातवीवर तास होता. खिडकीतून पाहिलं तर नाना शाळेच्या मागच्या भिंतीवर बसलेले, तोंड आपल्या बागेकडे. ट्रॅक्टर मागे उभा, दसऱ्याचा सुकलेला हार अजून त्याच्या नाकावर. शेजारच्या बागेतून औषधाचा वास येत होता. नाना वर ढगाकडे बघत, मग त्या पट्टीकडे बघत. बाई वर्गातून बाहेर आल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“नाना, भीती वाटते का?”

“वाटती तर. लय वाटती.”

“मग काढायचा का ट्रॅक्टर?”

नानांनी नाही म्हणून मान हलवली. बाई वर्गात परत आल्या. शाळा सुटली, पोरं भिंतीजवळून ओरडत घरी गेली, शेजारचे ब्लोअर एकेक करून थांबले. नाना मांडीवर हात घट्ट दाबून तिथेच बसून होते.