भिलाईची मारबत

दुःख हुडकून काढण्यात आमच्या भाटव्यांचा हात धरणारा माणूस उभ्या भिलाईत नव्हता, आणि त्या काळच्या भिलाईत हुडकायला दुःख कमी होतं असंही नाही. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्ध्याकडची रेल्वेची नोकरी सोडून ते कारखान्याच्या यार्डात लागले, त्यांच्या वशिल्याने मी नकाशांच्या ऑफिसात चिकटलो आणि त्यांच्याच क्वार्टरात मुक्काम ठोकला. कारखाना अजून उभा राहत होता. साऱ्या मुलखाची माणसं तिथे आली होती, पगार वेळेवर होत होता, नळाला पाणी होतं, आणि तरी इथे एकही जीव सुखी नाही असा भाटव्यांचा दावा होता. कोणी रीतीप्रमाणे "बरं आहे" म्हटलं की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. "कावून खोटं बोलून राहिले, भाऊ? तोंड पाहा न आरशात!" असं ते भर दुधाच्या रांगेत म्हणत, आणि गंमत म्हणजे तो माणूसही चेहरा पाडून खरंच सांगू लागे.

भट्टी पेटली त्या दिवशी सगळीकडे पेढे वाटले. भाटवे आपला पेढा हातात धरून बराच वेळ धुराकडे बघत राहिले. "आता हे विझनार नाही. म्हंजे आपल्याले सुट्टी नाही," असं म्हणून मग त्यांनी तो तोंडात टाकला. एकदा सकाळपाळी करून आले ते सारख्या दारांच्या ओळीत भलत्याच क्वार्टरात शिरले, खाटेवर बसले आणि पाणी मागितलं. घरातल्या बंगाली वहिनींनी मुकाट्याने पाणी दिलं. दुसरा असता तर त्याने हा किस्सा चार जणांना हसत सांगितला असता. हे घरी येऊन कपाळाला हात लावून बसले. "तिनं मले वळखलं नाही, मी तिले वळखलं नाही. आन पानी मात्र बराबर भेटलं! हे का गाव हाय?"

साऱ्या गावाची दुखणी दिसणारे भाटवे घरच्या दुखण्यावर मात्र नजर टाकत नसत. ताईचं पहिलं लेकरू, मुलगा, आदल्या उन्हाळ्यात जन्मला आणि बारशाआधीच गेला. नाल्यापलीकडच्या रानात त्याला पुरलं. रीतीप्रमाणे आम्ही पुरुषच गेलो होतो, ताई घरीच होती. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. बोलणार तरी कोणाशी? एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला मल्याळी, आणि हिला हिंदी धड येत नव्हतं. श्रावणात तिने एवढंच सांगितलं, "पोळा झाला की मले वर्ध्याले पोहचून द्या. मी वापस नाही येनार." भाटवे काही दिवस अन्न चिवडत राहिले, आणि मग एका संध्याकाळी खांद्यावर बांबूच्या कामट्या घेऊन आले.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतात. गवताकामट्यांची बाई करायची, गावाची ईडापिडा तिच्या माथी मारायची आणि ओरडत शिवेबाहेर नेऊन तिला जाळायचं. भिलाईची मारबत आजवर कोणी काढलीच नाही, म्हणून हे सगळं साचलंय, असं भाटव्यांच्या मनाने घेतलं. दारोदार जाऊन ते विचारू लागले, "सांगा, तुमचं काय पाठवाचं?" सरदारजींनी ऊन दिलं. बंगाली वहिनींनी शिळी मासळी दिली. खुर्सीपारच्या मजुरांनी ठेकेदार दिला, तोही नावासकट. एका रशियन इंजिनियराने बराच विचार करून मानेवरचा डास मारून दाखवला. प्रत्येकाच्या नावाने भाटवे एकेक मूठ गवत आत कोंबत, आणि मारबत इतकी फुगली की दारातून निघता निघेना. ताईला मात्र त्यांनी विचारलं नाही. मी सुचवलं तर म्हणाले, "तिले कसं इचारू बाबू? तिनं सांगतलं, त मी कुठी जाऊ?"

"ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत आम्ही निघालो. सेक्टरभर विखुरलेली आमची मराठी चार घरं पुढे, आणि तमाशा बघायला निम्मं सेक्टर मागे. पण शीव काही सापडेना. गेल्या पावसाळ्यात जिथे वस्ती संपत होती, तिथे आता क्वार्टरं होती. त्यापुढे पाये खणले होते, आणि चौकीदार अंगावर आला, "यहाँ मत जलाना, यहाँ साहब लोगों के बंगले बनेंगे!" त्याही पुढे चुन्याच्या रेघा आणि खुंट्या होत्या. भाटवे शीव शोधत चालले होते आणि मागची माणसं एकेक करून गळत होती. शेवटी चार पडक्या भिंती लागल्या. तिथे एक छत्तीसगढी म्हातारी बसली होती. "एला इहां काबर लाने हव?" हिला इथे का आणलं, असं तिने विचारलं. भाटव्यांनी समजावलं, की आमच्या गावाचं दुःख आहे, ते गावाबाहेर जाळायचंय. म्हातारी शांतपणे म्हणाली, "इहां हमर गाँव रिहिस, बेटा." कारखान्यासाठी घेतलेल्या गावांतलं ते एक होतं. भाटवे काडेपेटी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खिशात घातली. "चाल बाबू, उचल. यांच्या दारात कसं जाळावं?"

मारबत घरी परत आणायची म्हणजे अभद्रपणाची हद्द झाली. वर्ध्याकडे शेंबडं पोरही असं करणार नाही. भाटव्यांनी तिला अंगणात टेकवलं, तिच्याजवळ बसले आणि चक्क रडायला लागले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "एवढ्या मोठ्या गावाले शीवच नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ताई दारात येऊन उभी राहिली. तिने आधी मारबतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"माह्यं काय घातलं याच्यात?"

"काहीच नाही. तुले इचाराची हिंमत नाही झाली."

"बरं केलं," ताई म्हणाली. "माह्यं नका देऊ कोनाले. लेकराचं तेवढंच त हाय माह्याजवळ." मग म्हणाली, "मले एकडाव तिथं घेऊन चाला. मंग पोहचून द्या."

मारबतीच्या कामट्यांवर ताईने पुढे दोन-चार सकाळी अंघोळीचं पाणी तापवलं. रविवारी आम्ही तिघं नाल्यापलीकडे गेलो. रान नव्हतं. खुणेची बाभूळ नव्हती. बुलडोझरने सगळं सपाट करून वर लाल मुरूम पसरला होता. मला जागा ओळखू येईना, आणि भाटव्यांनाही येत नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ताई जरा इकडेतिकडे फिरली, एका जागी बसली, मुरमावर हात टेकवला आणि तिने वर पाहिलं. "इथंच का?" भाटवे तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही आपला हात तिथे ठेवला. "हो," म्हणाले, "इथंच."

ताई वर्ध्याला गेली नाही. सुखी झाली असं काही मी म्हणणार नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्या मुरमावर क्वार्टरांची ओळ उठली, तेव्हा भाटव्यांनी हातचं चांगलं क्वार्टर सोडून त्या ओळीतलं एक मागून घेतलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्या घराच्या अंगणात ताईने कधी चपला घातल्या नाहीत, भर उन्हाळ्यातसुद्धा नाही. पाय भाजत नाहीत का, असं शेजारणी विचारत, तेव्हा ती काही बोलायच्या आत भाटवे खाटेवरून सांगत, "सवय हाय तिची."