खाली कोणी नसलं तरी

अकोल्याला वर्गात शिकवत असतानाच शिपायाने तार आणून दिली. माझा मित्र प्रभाकर गेला. 'कावीळच तं हाये, उतरंन,' असं गेल्याच भेटीत तो मला म्हणाला होता... उतरायचं कसलं! तेव्हापासून मनात धुमसणाऱ्या संतापाचं काय करायचं, हे इतके आठवडे लोटले तरी मला कळलेलं नाही.

अमरावतीच्या कॉलेजात तो गणित शिकवायचा. मुंबईला जाऊन कॉम्प्युटरवर काम करून आलेला आमच्यातला तो एकटाच. तिथे फांद्यांसारख्या मांडणीची उंची मोजणारा त्याचा प्रोग्रॅम एकदाच यंत्रावर चढला आणि थांबायचं नावच घेईना. शेवटी तिथल्या लोकांनी तो बंद करून दुसऱ्याचं काम लावलं. चूक कुठे झाली, हे न कळताच हा परत आला. इथे यंत्र कुठलं? मग पठ्ठ्याने कॉलेजच्या पायऱ्यांवर विद्यार्थ्यांचंच उलटं झाड उभं केलं. वर एक, त्याच्या खाली दोन, त्यांच्या खाली आणखी. प्रत्येकाने खालच्या दोघांना विचारायचं, 'तुझी उंची किती?' म्हणजे स्वतःला धरून खाली किती थर. मोठं उत्तर घ्यायचं, त्यात एक मिळवून वर सांगायचं. मी मुद्दाम गंमत बघायला गेलो होतो. सगळे विचारून मोकळे झाले आणि झाड मुकं! वरचा पोरगा घामाघूम. शेवटी अगदी खालची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, माह्या खाली कोणीच नाही. मी कोणाले विचारू?"

प्रभाकर मटकन पायरीवरच बसला. "हेच बाप्पा, हेच राह्यलं होतं माह्याकडून! नसलेल्याचंबी उत्तर द्या लागते. दोन्हीकडचं शून्य धर बाई, अन् एक सांग!" तिने सांगितलं, आणि उत्तर पायरीपायरीने वर चढत गेलं. इतका आनंदलेला तो मला पुन्हा दिसला नाही.

दुरुस्त प्रोग्रॅम घेऊन तो दिवाळीनंतर पुन्हा मुंबईला जाणार होता. तिथून होकारही आला होता. आता लोक म्हणतात, त्याचं काम विद्यार्थी पुढे नेतील. कोण नेणार? त्यातल्या एकानेही यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याचं उत्तर बरोबर होतं, आणि ते त्याच्याबरोबरच राख झालं.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला दिसत नाही. दिवेलागणीला फाटक वाजलं की लेकाला हाक मारायची तिची जुनी सवय, तो गेल्याचं सांगूनही सुटलेली नाही. माझ्या हातून फाटक वाजलं.

"परभाकर, आला काय रे?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. 'नाही' हा एवढासा शब्द, दोघांपैकी कोणाच्याच तोंडून निघेना... आणि म्हातारी विचारतच राहिली.